लाइट पोलचं फाउंडेशन : काळ्या मातीत अठरा खांब उभे करताना

काम कागदावर एका ओळीचं होतं. ‘९ मीटर उंचीच्या अष्टकोनी जीआय पोलसाठी आरसीसी फाउंडेशन, १८ नग.’ सांगलीहून कुपवाडकडे जाणाऱ्या पट्ट्यातलं व्यापारी संकुल. पुढे दुकानं, मागे गोदामं, मधे पार्किंग. बारा खांब आतल्या रस्त्याच्या कडेला आणि सहा पार्किंगच्या मधोमध. दिवाळी आटोपल्यावर नोव्हेंबरात वर्क ऑर्डर हाती आली आणि शेवटचा दिवा मार्चच्या सुरुवातीला लागला. हे काम सिव्हिलवाल्याला इलेक्ट्रिकलचं वाटतं आणि इलेक्ट्रिकलवाल्याला सिव्हिलचं, त्यामुळे नीट लिहून कुणीच ठेवत नाही. पहिल्यांदा हे अंगावर आलेल्या सुपरवायझरच्या किंवा छोट्या कंत्राटदाराच्या उपयोगी पडावं म्हणून जसं घडलं त्या क्रमाने लिहितोय.

धास्ती काँक्रीटची नव्हती, बोल्टची होती. भिंत दोन सूत इकडेतिकडे झाली तर प्लास्टरमध्ये सावरता येते. काँक्रीटमध्ये बसलेले चार बोल्ट मात्र खांबाची जागा, दिशा आणि उंची कायमची ठरवून टाकतात. खांब येतो महिन्याभराने, आणि तोवर काँक्रीट दगड झालेलं असतं.

डिसेंबर : कागद आणि वाट पाहणं

पहिले दोन आठवडे साइटवर पाय ठेवता आला नाही. मुख्य कंत्राटदाराच्या ऑफिसला जीएसटी नोंदणी, पॅन, रद्द केलेला चेक आणि मजुरांची वर्कमेन कॉम्पेन्सेशन पॉलिसी लागते. पहिले तीन कागद कपाटात असतात, अडतं ते पॉलिसीवर. पॉलिसीत साइटचा पत्ता आणि माणसांची संख्या बरोबर नसेल तर गेट पास निघत नाही. वर्क ऑर्डरचा मसुदा ईमेलवर आला की त्याच दिवशी विमा एजंटला फोन करा.

त्यापुढची वाट ड्रॉइंगची. खांब कुठल्या बनावटीचा हे मंजूर झाल्याशिवाय खालच्या बेस प्लेटचं माप पक्कं होत नाही. ते आल्याशिवाय स्ट्रक्चरल कन्सल्टंट पायाचं ड्रॉइंग पक्कं करत नाही. आणि त्यावर ‘गुड फॉर कन्स्ट्रक्शन’चा शिक्का पडल्याशिवाय हात लावायचा नसतो. ही साखळी पुरी व्हायला जवळजवळ सगळा डिसेंबर गेला. चिडचिड होते, कारण मालक रोज विचारतो ‘खड्डे कधी?’ पण इथे घाई करण्यात अर्थ नाही. टेंडरच्या ड्रॉइंगवर बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास, म्हणजे पीसीडी, २८० मिमी होता. खांब बनवणाऱ्याच्या ड्रॉइंगवर ३०० निघालं. टेंडरचा कागद धरून बोल्ट आणि टेम्पलेट (बोल्ट जागेवर धरून ठेवणारी प्लेट) बनवून घेतले असते तर अठराच्या अठरा संच भंगारात गेले असते. शिक्क्याच्या ड्रॉइंगची छापील प्रत साइटवर ठेवा आणि जुन्या प्रतींवर लाल पेनाने रेघ मारा. फिटरच्या खिशात हमखास जुनीच प्रत सापडते.

अंतिम मापं अशी ठरली. खालचं फूटिंग १.२ बाय १.२ मीटर, जाडी ३०० मिमी, जमिनीखाली १.५ मीटरवर. त्यावर ४५० मिमी चौरस पेडस्टल, म्हणजे खांब ज्यावर बसतो तो काँक्रीटचा उभा ठोकळा. रस्त्याकडेच्या खांबांना पेडस्टल जमिनीवर ३०० मिमी, पार्किंगमध्ये ७५० मिमी. पार्किंगमधली उंची शोभेसाठी नसते. मागे येणाऱ्या टेम्पोचा बंपर काँक्रीटवर आदळावा, तीन मिलिमीटर जाडीच्या पत्र्यावर नाही, एवढाच त्यामागचा विचार. काँक्रीट एम-२५ (२८ दिवसांनी चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन ताकद). बोल्ट एम-२४ (२४ मिमी व्यासाचे), लांबी ७५० मिमी, प्रत्येक पायाला चार, वरचा ३०० मिमी भाग गॅल्व्हनाइझ केलेला.

एवढ्याशा खांबाला एवढा पाया कशाला, हा प्रश्न साइटवर प्रत्येक जण विचारतो. खांबाचं वजन जेमतेम शंभर किलो. पाया वजनासाठी नसतो, वाऱ्यासाठी असतो. आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात या पट्ट्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे. त्याचा दाब ०.६ गुणिले ३९ चा वर्ग, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ९१३ न्यूटन. खांबाची वाऱ्यासमोर येणारी बाजू साधारण एक चौरस मीटर, शिवाय टोकाला दिवा आणि तो धरणारा आर्म. हा जोर उंचावर लागत असल्याने बुडाशी सात-आठ किलोन्यूटन-मीटरचं उलथवणारं बल (मोमेंट) येतं, आणि झोताच्या वाऱ्याचा हिशोब धरला की ते आणखी वाढतं. त्याला धरून ठेवतात दोन गोष्टी : पायाचं स्वतःचं वजन, सुमारे अठरा किलोन्यूटन, आणि फूटिंगवर दाबून भरलेल्या मातीचं वजन, सुमारे पंचवीस. मातीचा वाटा काँक्रीटपेक्षा जास्त आहे हे लक्षात घ्या. भराव ढिला राहिला तर हिशोबातला अर्ध्याहून मोठा आकडा कागदावरच राहतो.

दुसरा प्रश्न मातीचा. कृष्णाकाठची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तडकते. मे महिन्यात त्या भेगांत हात सहज जातो. वरच्या थरातला बाजूचा आधार त्यामुळे धरताच येत नाही. आमच्या प्लॉटवर पुढच्या बाजूला दीड मीटरभर काळी माती, मागे गोदामांकडे दोन फुटांवर मुरूम. ड्रॉइंग एकच असलं तरी दहा खड्ड्यांचं आणि आठ खड्ड्यांचं काम वेगळं होणार हे तेव्हाच दिसत होतं. ते लेखी कळवून ठेवलं, पुढे बिलात त्याचा उपयोग झाला.

आखणी आणि खड्डे

आखणी टोटल स्टेशन या मोजणीयंत्राने झाली, पण आखणीच्या आधीचं काम टेबलावरचं. पोलचं ड्रॉइंग, पावसाळी पाण्याच्या गटाराचं, फायर हायड्रंट लाइनचं आणि सांडपाण्याचं, अशी चारही एकावर एक ठेवून बघावी लागतात. प्रत्येक कन्सल्टंट आपापल्या कागदावर रस्त्याची कडा मोकळी धरतो आणि सगळे त्याच एक मीटरच्या पट्ट्यात उतरतात. इथे तीन खांब गटाराच्या चेंबरवर येत होते आणि एक अग्निशमन गाडीच्या वळणात. ते दीड-दोन मीटर सरकवायला लेखी मंजुरी घेतली. खांबांतलं अंतर २५ मीटर असताना एवढ्या सरकण्याने उजेडात डोळ्यांना फरक कळत नाही, तरी लाइटिंग कन्सल्टंटचा होकार ईमेलवर असू द्या.

संक्रांतीनंतर खड्डे सुरू झाले. या दिवसांत सांगली जिल्ह्यात ट्रॅक्टर-ट्रॉली मिळवणं हेच एक काम असतं, कारण गाळप हंगामात सगळे ट्रॅक्टर उसाच्या मागे. जेसीबी मिळतो, मुरमाची खेप मिळत नाही. आधी मुरूम साइटवर पाडून घ्या आणि मग खड्डे काढा, नाहीतर खड्डे उघडे पडून राहतात. मुरूम ब्रासवर (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) येतो. काळ्या मातीतल्या दहा खड्ड्यांना मिळून बारा ब्रास लागला. प्रत्येक खेपेसोबत गौण खनिजाचा वाहतूक पास मागून त्याची प्रत ठेवा. बिलाच्या वेळी रॉयल्टीची पावती नसेल तर ती रक्कम थेट कापली जाते, आणि तेव्हा ट्रॅक्टरवाला फोन उचलत नाही.

खड्डा दीड बाय दीड मीटर, खोली १.६ मीटर. त्यात १०० मिमी पीसीसी (सळई नसलेलं साधं काँक्रीट) धरलेलं. जेसीबीला एका खड्ड्याला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. शेवटचे सहा इंच टिकाव-फावड्याने काढा. बकेटच्या दातांनी तळ उकरला की तो भुसभुशीत होतो, आणि काढलेली सैल माती परत टाकून सपाट करण्याचा मोह सगळ्यांना होतो. काढलेली माती काठापासून किमान एक मीटर लांब टाका. काळ्या मातीची कड कोरडी असताना उभी राहते आणि रात्री दव पडलं की सकाळी ढेकळासकट खाली येते, म्हणून आत माणूस उतरवण्याआधी काठावरच्या भेगा पाहायच्या. पट्टी बांधून खड्डे बंद करा. रात्री भटकी कुत्री पडतात आणि सकाळी ती काढण्यात तास जातो.

बहुतेक खड्ड्यांत तळाला पिवळा मुरूम लागला. गेटजवळच्या चार खड्ड्यांत १.६ मीटरवरही काळी मातीच होती. तिथे आणखी ३०० मिमी खोल जाऊन दगडाचं सोलिंग (रचलेल्या दगडांचा थर) केलं, वर मुरूम दाबला आणि मग पीसीसी. हे जादा काम. कन्सल्टंटचा माणूस खड्ड्यात उभा असताना मोजपट्टी लावून फोटो, त्याची सही, आणि त्याच दिवशी ईमेल. बुजवल्यावर सोलिंग कुणाला दिसत नाही आणि न दिसणाऱ्या कामाचे पैसे कुणी देत नाही.

पीसीसी १:३:६, जागेवरच मिक्सरमध्ये. अठरा खड्ड्यांना मिळून साडेतीन घनमीटर, सिमेंट पंधरा-सोळा गोण्या. त्यात विशेष काही नाही, फक्त लेव्हल घ्या.

सळई, बोल्ट आणि पाइप

फूटिंगची जाळी १० मिमीची, १५० मिमी अंतराने, दोन्हीकडून आठ-आठ सळया. पेडस्टलला १२ मिमीच्या आठ उभ्या सळया, ८ मिमीच्या रिंगा १५० मिमीवर. वरच्या तीन रिंगा ७५ मिमीवर घेतल्या, कारण बोल्ट काँक्रीटला फाडायला बघतात ते याच भागात. एका पायाला सरासरी छत्तीस-सदतीस किलो लोखंड. कव्हर, म्हणजे सळईबाहेरचं काँक्रीट, ५० मिमी, आणि त्यासाठी काँक्रीटचे तयार ब्लॉक. खडीचे तुकडे सरकवण्याची सवय मोडायला दोन दिवस लागतात, पण ती मोडा. काळ्या मातीत ओल वर्षातले सहा महिने राहते, आणि कव्हर कमी पडलेली सळई तिथूनच गंजायला लागते.

फूटिंग आधी आणि पेडस्टल नंतर, अशा दोन टप्प्यांत काँक्रीट केलं. फूटिंगचं काँक्रीट आठ घनमीटर, चार-चारच्या दोन गाड्या. एका दिवसात उरकलं. पेडस्टल जिथे उभा राहणार तो चौकोन ओला असतानाच खरवडून ठेवला आणि पुढच्या टप्प्याआधी धुऊन सिमेंटची स्लरी मारली.

आता बोल्ट. चार बोल्ट हाताने बांधून काम होत नाही, टेम्पलेट लागतं. ६ मिमी जाडीची प्लेट, तिला बेस प्लेटसारखीच चार भोकं, आणि बोल्टांच्या खालच्या टोकांना बांधणारी एक रिंग. प्लेटच्या वर एक नट, खाली एक नट, घट्ट. ३०० पीसीडी म्हणजे शेजारच्या दोन बोल्टांत २१२ मिमी आणि समोरासमोर ३०० मिमी. चारही बाजू आणि दोन्ही कर्ण मोजायचे. फक्त बाजू मोजल्या तर शंकरपाळ्यासारखा तिरका चौकोनही पास होतो. बेस प्लेटची भोकं २८ मिमीची, म्हणजे प्रत्येक बोल्टाला चहूबाजूंनी दोन मिलिमीटरची मोकळीक. सहिष्णुता तेवढीच.

आमचा फिटर जत तालुक्यातला, हाताने वाकबगार. पहिल्या टेम्पलेटवर त्याचं म्हणणं पडलं, “सायेब, दोन सूत हाय की, बसतंय.” दोन सूत म्हणजे सहा मिलिमीटर. घराच्या कामात ते बसतंच, त्याचं काही चुकत नव्हतं. त्याच्या हातात बेस प्लेटचा नमुना आणि एक बोल्ट दिला. स्वतः घालून बघितल्यावर पुढचे सतरा त्याने मिलिमीटरच्या पट्टीने मोजले.

बोल्ट काँक्रीटच्या वर किती ठेवायचा, याचा हिशोब लिहून भिंतीला चिकटवा. प्लेटखाली ग्राउट, म्हणजे पातळ सिमेंट मसाला, भरायची जागा ४० (खालचा लेव्हलिंग नट त्यातच बसतो), प्लेट २०, वॉशर ४, वरचा नट २०, लॉकनट १२, आणि आट्यांचे वर शिल्लक १० ते १४. मिळून ११०. कमी पडला तर लॉकनट बसत नाही, आणि तो नसेल तर वाऱ्याच्या हादऱ्यांनी नट ढिले होतात. आट्यांना ग्रीस लावून टेप गुंडाळा. त्यावर पीव्हीसी पाइपचा तुकडा घातला तर आणखी बरं.

दिशा हा वेगळाच मुद्दा. बोल्टांचा चौकोन रस्त्याच्या कडेला समांतर हवा. तो दहा अंश फिरला की वरचा आर्मही तेवढाच फिरतो, आणि ओळीत उभ्या खांबांत हे लांबूनच कळतं. पेडस्टलच्या फर्म्याला (साच्याला) समांतर ठेवून भागत नाही, कारण फर्माच फिरलेला असू शकतो. दोन टोकांच्या खांबांमध्ये दोरी ताणा आणि प्रत्येक टेम्पलेटची कड त्या दोरीला मिळवा. खांबाच्या अंगावरची जंक्शन बॉक्सची झडप आर्मच्या कुठल्या बाजूला आहे हे खांबाच्या ड्रॉइंगवर बघून घ्या. ती रस्त्याकडे आली तर उद्या वायरमन गाड्यांकडे पाठ करून काम करणार.

केबल चार कोअर, १० चौरस मिमी, ॲल्युमिनियम, आर्मर्ड. एक आत येते, एक पुढच्या खांबाला जाते. म्हणून प्रत्येक पेडस्टलमध्ये ५० मिमीचे दोन एचडीपीई पाइप, शिवाय अर्थिंगच्या पट्टीसाठी एक छोटा. ओळीतल्या शेवटच्या खांबालाही दोनच ठेवा. पुढे कधीतरी त्यापुढे खांब येतोच. आर्मर्ड केबल तिच्या जाडीच्या बारापटीपेक्षा कमी त्रिज्येत वाकवू नये. आमची केबल वीसेक मिमी जाडीची, म्हणजे २४० मिमी. ४५० च्या पेडस्टलमध्ये पाइप आडवा घेऊन काटकोनात वर वळवला तर ती त्रिज्या मिळत नाही. बाहेरूनच तिरका चढवत आणायचा, आणि त्यासाठी फर्म्याच्या दोन बाजू लोखंडी न ठेवता प्लायच्या ठेवायच्या म्हणजे भोक पाडता येतं. सेंटरिंगवाले कुरकुर करतात. करू दे. पाइपमध्ये ओढण्यासाठी जीआय तार घाला आणि दोन्ही तोंडांना टोपण लावा. तोंडात गोणपाट कोंबण्याची पद्धत आहे, पण त्यातून स्लरी आत जाते आणि पाइप कायमचा बंद होतो.

पेडस्टलचा दिवस

फर्मे नऊच होते, त्यामुळे पेडस्टल दोन खेपांत. एका खेपेला सहा रस्त्याचे आणि तीन पार्किंगचे, मिळून तीन घनमीटर. मागवले साडेतीन. प्लांटवाला अर्ध्या गाडीला जादा आकार लावतो, तो द्या. सगळं एकदम करायला सहा घनमीटरची एक गाडी पुरली असती आणि स्वस्तही पडली असती. पण आरएमसी (प्लांटमधून तयार येणारं काँक्रीट) गाडीत भरल्यापासून दोन तासांत उतरवायचं असतं आणि एका पेडस्टलला जपून दहा मिनिटं लागतात. अठरा पेडस्टल म्हणजे तीन तास. शेवटच्या चार-पाचांना घट्ट झालेलं काँक्रीट मिळालं असतं आणि त्यात पाणी मारायचा आग्रह सुरू झाला असता. गाडीच्या ड्रायव्हरच्या हातात पाण्याची नळी असते, आणि ‘थोडं सैल करू का’ हे तो प्रेमानेच विचारतो. नाही म्हणा. स्लम्प (ओल्या काँक्रीटच्या सैलपणाचं माप) १०० मिमीच्या आसपास मागवला असेल तर पाणी लागत नाही.

ओतताना चारही बाजूंनी थोडं-थोडं ओता. एकाच बाजूने सगळं सोडलं तर त्या वजनाने अख्खा पिंजरा ढकलला जातो. उंचावरून टाकायचं तर दीड मीटरपेक्षा जास्त नको. पार्किंगच्या उंच पेडस्टलना फळी बांधून घमेल्याने भरलं. व्हायब्रेटरची सुई बारीक, २५ मिमीची घ्या. ती बोल्टाला किंवा टेम्पलेटला टेकवायची नाही हे गड्याला आधी सांगा आणि ओततानाही सांगत राहा. बोल्ट सळईला वेल्ड करून टाकू, मग हलणारच नाही, असं कुणीतरी सुचवतंच. वेल्डिंगच्या उष्णतेने बोल्ट ठिसूळ होऊ शकतो आणि गॅल्व्हनाइझिंगही जळतं. बाइंडिंग तार आणि फर्म्याला आडव्या बांधलेल्या दोन पट्ट्या पुरतात.

सगळ्यात उपयोगाचं काम यानंतरचं. ओतून झाल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी परत फिरायचं : कर्ण, उंची, दोरी, लेव्हल. काँक्रीट तोवर थोडं बसलेलं असतं पण हात ऐकतं. पहिल्या खेपेत एका खांबाचं टेम्पलेट सुईच्या धक्क्याने चार मिलिमीटर सरकलेलं सापडलं. लाकडी ठोकळा लावून हलक्या हाताने जागेवर आणलं आणि भोवती पुन्हा सुई फिरवली. दुसऱ्या दिवशी तेच चार मिलिमीटर म्हणजे ड्रिल, इपॉक्सी आणि कन्सल्टंटकडे खेटे. वाकडा बसलेला बोल्ट गरम करून वाकवण्याचा किंवा बेस प्लेटचं भोक गॅसने मोठं करण्याचा प्रकार साइटवर दिसतो. दोन्ही करू नका. बोल्टाची ताकद जाते आणि प्लेटचं गॅल्व्हनाइझिंग जळून गंज तिथूनच सुरू होतो.

क्यूब (ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे) प्रत्येक ओतण्याचे वेगळे. एक ते पाच घनमीटरला एक नमुना, सहा ते पंधराला दोन; एका नमुन्याचे तीन क्यूब २८ दिवसांसाठी, शिवाय ७ दिवसांसाठी जादाचे. ७ दिवसांचे आकडे १८ च्या वर आले तेव्हा जीव भांड्यात पडला. फर्मे दुसऱ्या दिवशी काढले, गोणपाट गुंडाळून दहा दिवस पाणी मारलं. सिमेंट पीपीसी (राख मिसळलेलं) असलं की दहा दिवस हवेतच.

भराव

याबद्दल सगळे घाईत असतात. खड्ड्यातून निघालेली काळी माती परत लोटून वर ट्रॅक्टर फिरवायचा, हा सर्रास प्रकार. पहिल्या पावसात ती बसते, पेव्हर खचतात आणि मग खांब हलतो अशी तक्रार येते. मुरूम १५० मिमीच्या थरांत, पाणी शिंपडून, धुमसाने ठोकत भरला. मागच्या आठ खड्ड्यांत त्यांचाच मुरूम वापरला. एक धोका ध्यानात ठेवा : काळ्या मातीतला मुरमाने भरलेला खड्डा म्हणजे पाणी साठणारी बादली. म्हणून वरचा थर बाहेरच्या बाजूला उतार देऊन घट्ट बंद करायचा. आमच्याकडे वर पेव्हर येणार होते, तिथे खाली पातळ पीसीसी टाकून घेतलं.

खांब चढवणं

खांब फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आले. गेटजवळच्या दोन खांबांना बाहेरच्या ११ केव्ही लाइनची जवळीक होती. खांबांना नियमाएवढं अंतर मिळत होतं, पण हायड्रा क्रेनचा बूम फिरताना ते अंतर राहत नाही. महावितरणच्या स्थानिक कार्यालयात अर्ज, त्याच्या प्रतीवर आवकचा शिक्का, आणि नियोजित बंदच्या दिवसाला जोडून ते दोन खांब. बाकी सोळा आधी उरकून घेतले. ‘लांबूनच करतो’ म्हणणाऱ्या हायड्रावाल्याचं ऐकू नका.

खांब उचलण्याआधी खालचे लेव्हलिंग नट चारही एका पातळीत करून ठेवा. निम्मा वेळ वाचतो. उचलायला कापडी पट्टा वापरा. साखळीने गॅल्व्हनाइझिंगवर ओरखडे पडतात. खांब बसला की ओळंबा दोन बाजूंनी, एकमेकींना काटकोनात, बघायचा. मग ३६ नंबरच्या पान्याने समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळायचे. आठवड्याने पुन्हा एक फेरी मारली तेव्हा बरेच नट पाव फेरा आणखी गेले. ही फेरी कामाच्या यादीत आधीच लिहून ठेवा, नाहीतर राहून जाते.

प्लेटखाली नॉन-श्रिंक ग्राउट. २५ किलोची गोणी दोन खांबांना पुरते. ग्राउट भरताना एका बाजूला बारीक नळी ठेवून पाणी बाहेर पडायला वाट ठेवा. खांबात दवाचं पाणी साचतं, आणि वाट नसेल तर खांब बुडातून आतल्या बाजूने गंजतो. बाहेरून पाच वर्षं काही दिसत नाही. केबल ओढल्यावर पाइपांची तोंडं फोमने बंद करा, उंदरांसाठी.

दिवे ९० वॉटचे एलईडी. पार्किंगच्या खांबांना दोन-दोन, एकूण चोवीस. भार सव्वादोन किलोवॉटच्याही आत, त्यामुळे मंजूर भारातच बसलं आणि वाढीव भाराचा अर्ज लागला नाही. मेगरिंग (केबलच्या इन्सुलेशनची तपासणी) आणि अर्थिंगची चाचणी परवानाधारक इलेक्ट्रिकल कंत्राटदाराच्या सही-शिक्क्यानिशी घेतली. अर्थिंग पाच ओहमच्या आत मागितलं होतं, तेवढं आलं.

हिशोब

एका पायाला आम्हाला पडलेला खर्च, खांब आणि केबल सोडून : जेसीबी ५५०, पीसीसी ९००, एम-२५ काँक्रीट ४,३००, लोखंड आणि त्याचं कटिंग-बेंडिंग २,६००, बोल्ट संच आणि टेम्पलेट १,८००, फर्मे १,२००, पाइप ४००, मुरूम आणि भराव १,२००, ग्राउट ४५०, मजुरी १,५००. पंधरा हजारांना शंभर कमी, जीएसटी वेगळा. सोलिंगचे चार खड्डे यात नाहीत. दर देताना लोक काँक्रीट आणि लोखंडावर दर काढतात आणि बोल्ट, ग्राउट, अर्ध्या गाडीचा आकार विसरतात. नफा तिथेच जातो.

बिल मार्चअखेरीच्या गर्दीत सापडलं. मोजमाप पुस्तकात फूटिंगची मापं फोटोंवरून धरली गेली, जादा सोलिंग ईमेलमुळे निघालं. ५ टक्के रिटेन्शन, म्हणजे बिलातून रोखून ठेवलेली रक्कम, दोष-दायित्वाचा काळ संपेपर्यंत अडकलेलं राहणार. ते दर देतानाच गृहीत धरा.

टेम्पलेट मात्र भंगारात घालू नका. दोन आम्ही संकुलाच्या स्टोअरमध्ये ठेवले, वर पीसीडी आणि खांब बनवणाऱ्याच्या ड्रॉइंगचा नंबर रंगाने लिहून. कधीतरी एखादा ट्रक खांबाला धडकेल, तेव्हा नवा खांब मागवताना याच मापाची बेस प्लेट मागावी लागणार आहे.